पहिली वाचक

"नाही कळलं," ती म्हणाली.

आमच्या घरात, आमच्या डायनिंग टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसून. वर माझ्याच वाटीतले शेंगदाणे खात.

आणि आईने काय करावं? ती चक्क खुशीत हसली! लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेत म्हणाली, "कुठपासून नाही कळलं, शलाका?"

"पहिल्या ओळीपासनं."

"वा!" आई म्हणाली. अगदी वा!

मी तेव्हा आठवीत होते. स्वयंपाकघराच्या दारात दुधाचा कप घेऊन उभी होते आणि माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. कारण "नाही कळलं" म्हणणं हे या घरात माझं काम होतं. दुसऱ्या कुणाचं नाही. माझं.

आता हे नीट सांगायला हवं. माझी आई सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनमध्ये काम करते. शब्द ऐकून पळू नका, मी सांगते, मला छान येतं ते. एक मोठा, दणकट कॉम्प्युटर असतो, सर्व्हर. त्याच्या पोटात बरेच खोटे-खोटे कॉम्प्युटर बनवतात आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपण खरे आहोत आणि एकटेच आहोत. आमच्या सोसायटीसारखं. जमीन एक, पाण्याची टाकी एक, पण प्रत्येक फ्लॅटवाल्याला वाटतं की बिल्डिंग आपलीच. हे सोसायटीचं उदाहरण माझं आहे. सहावीत असताना मी आईला दिलं होतं आणि तिच्या लेखात ते जसंच्या तसं आलं होतं.

हो, आई लेख लिहिते. या कामातल्या लोकांसाठी, मराठीत, स्वतःच्या ब्लॉगवर. गावागावांतून पोरं-पोरी या नोकऱ्यांत येतात आणि त्यांना मराठीत वाचायला काहीच नसतं, म्हणून. आणि तिचा नियम असा की लेख आधी मला मोठ्याने वाचून दाखवायचा. मी "नाही कळलं" म्हटलं की ते वाक्य पुन्हा लिहायचं. मी "कळलं" म्हणेपर्यंत लिहायचं. बाबा चाकणला फॅक्टरीत शिफ्टवर असायचे, त्यामुळे रविवारी सकाळी टेबलाशी आम्ही दोघीच. मी शेंगदाणे खात नापास करायचे आणि आई डोकं खाजवत दुरुस्त करायची. जगात कुठल्या मुलीला आईला असं नापास करायला मिळतं? आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी एक ओळ असायची :

पहिली वाचक : तनू.

तनू म्हणजे मी. तन्मयी बोरावके. ती ओळ मी वर्गातल्या प्रत्येक मुलीला दाखवलेली होती. काहींना दोनदा.

आणि आता ही शलाका काशीद. बार्शीची. आईच्या ऑफिसात आधी लोकांचे प्रिंटर दुरुस्त करायची, तिथून आईच्या सर्व्हरच्या टीममध्ये आली होती. वय तेवीस-चोवीस, केसांची इतकी लांब वेणी की ती आधी खुर्चीवर बसायची आणि मग वेणी बसायची. ऑफिसात आईला मॅडम म्हणायची. आमच्या घरी दुसऱ्यांदा आली तेव्हा ताई म्हणायला लागली. आणि मला म्हणाली, "तू मला शलाकाताई म्हण हं."

मी म्हटलं, "माझ्या आईला तू ताई म्हणतेस, म्हणजे तू माझी मावशी झालीस."

"मग मावशी म्हण की!" ती खदखदा हसली.

मी काहीच म्हणणार नव्हते. ना ताई, ना मावशी. नुसतं "ए".

ती यायची ती आमच्या ड्राय बाल्कनीतल्या सर्व्हरवर शिकायला. ऑफिसने काढून टाकलेला एक जुना सर्व्हर आईने घरी आणला होता. वॉशिंग मशीनशेजारी बसून तो मिक्सरसारखा घुरघुरायचा. त्याच्या पोटातल्या खोट्या कॉम्प्युटरांना नावं देतात, ही त्यांच्यातली पद्धतच आहे. कुणी किल्ल्यांची देतं, कुणी नद्यांची. आईने रानमेव्याची दिली होती : करवंद, आवळा, चिंच. आणि चौथं होतं तनू. त्याच्यावर मी माझ्या चित्रांची वेबसाइट चालवायचे. ती फक्त आमच्या घरातल्या फोनवर दिसायची, पण वेबसाइट ती वेबसाइट.

एका रविवारी मी चित्रं उघडायला गेले तर पान उघडेना. आईच्या लॅपटॉपवर पाहिलं. सगळ्यांची नावं एकाखाली एक : आवळा हिरवं, करवंद हिरवं, चिंच हिरवं. तनू करडं. बंद. आणि खाली नवीन, टवटवीत हिरवं नाव : बार्शी.

"आई! तनू कुणी बंद केलं?"

"मी," आई कणीक मळत होती. "शलाकाला सरावाला एक मशीन हवं होतं. रॅम पुरत नव्हती गं."

रॅम म्हणजे या मशीनना उभं राहायला लागणारी जागा. ती ठरावीकच असते. म्हणजे शलाकाला उभं राहायला जागा हवी, म्हणून मला खाली बसवलं.

"मग चिंच बंद करायची होतीस!"

"चिंचेवर काम चालू असतं, बाळा. तुझी चित्रं कुठे जात नाहीत. बंद म्हणजे बंद, पुसलं नाही काही."

बाळा म्हणे.

खरी कडी तर पुढे झाली. त्या आठवड्यात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांची पाठ वळल्यावर मी आईचा ब्लॉग उघडला. नवा लेख आला होता. मला वाचून न दाखवता! मी सरळ खाली गेले, अगदी खाली, शेवटच्या ओळीवर.

पहिली वाचक : शलाका.

शेजारी बसलेली ऋजुता म्हणाली, "अय्या, तुझं नाव बदललं?"

संध्याकाळी मी आईला गाठलं. "का?"

आईने उगाच चष्मा पुसला. "ती नवीन आहे ना. तिला शिकायला मिळतं त्यातून."

"आणि मी?"

"तुला... तुझी चाचणी आहे ना परवा?"

ही कसली उत्तरं! आई खोटं बोलत नाही, पण खरं बोलायचं नसलं की ती माझ्या चाचणीबद्दल बोलते. मी त्या रात्री जेवताना भाजीला नावं ठेवली आणि अंथरुणात पडून कारण शोधून काढलं. हिशोब सोपा होता. शलाका इंजिनिअर. मी आठवीतली. हुशार वाचक मिळाली की लहान वाचक कोण ठेवणार? मधे आईचा एक लेख आला होता, तो मी एका झटक्यात पास केला होता, एकदाही न अडवता. त्याच्याखाली लोकांनी लिहिलं होतं, "ताई, यावेळी डोक्यावरून गेलं." मी आईला म्हटलंही होतं, डोक्यावरून जातं तर उंची वाढवा म्हणावं. आई तेव्हा हसली नव्हती. आता मला वाटलं, तिला माझ्यापेक्षा उंच कुणीतरी हवं होतं, आणि मिळालं.

ठीक आहे, मी ठरवलं. उंची मोजूनच टाकू. सगळ्यांसमोर.

महिन्यातल्या एका शनिवारी या लोकांचा कट्टा भरतो, चिंचवडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये. निरनिराळ्या कंपन्यांतली माणसं, जी एरवी थंडगार खोल्यांतून सर्व्हरशी बोलत असतात, ती तिथे येऊन माणसांशी बोलतात. इडली-चटणी असते, चहा असतो. मी सहावीपासून जायचे. मुख्यतः चटणीसाठी, हे मान्य. आणि कट्ट्याची सुरुवात कधीच शहाणपणाने होत नाही. आधी कुणीतरी उभं राहून सांगायचं की आपण कामात कशी माती खाल्ली. जो सांगेल त्याच्या हातात एक मातीची कुंडी देतात, मनी प्लांट लावलेली. ती त्याने घरी न्यायची, पुढच्या कट्ट्यापर्यंत पाणी घालायचं. फडतरेकाका, म्हणजे कट्ट्याचे मुख्य, दरवेळी म्हणतात, "माती ज्याची, कुंडी त्याची!" आणि दरवेळी स्वतःच पहिले हसतात.

त्या शनिवारी माझी सकाळची शाळा होती. आईने मला गेटवरूनच स्कूटरवर घेतलं, त्यामुळे मी गणवेशात, पाठीला दप्तर. शलाका आधीच येऊन बसली होती. आईसाठी शेजारची खुर्ची धरून. एकच.

"आज मातीचा मान नव्या भिडूचा!" फडतरेकाका म्हणाले आणि कुंडी शलाकाच्या हातात दिली.

ती उभी राहिली. लाजेल, अडखळेल, मला बरं वाटेल असं काहीतरी करेल अशी माझी आशा होती. ती कुंडी पोटाशी धरून गप्पा मारल्यासारखी बोलायला लागली.

"आमच्या ऑफिसात कँटीनच्या कुपनांचं एक मशीन हाय. म्हणजे खोटं मशीन, आपलं ते व्हर्च्युअल. त्यात बदल करायचे होते. मला सांगितलं, आधी बॅकअप घे. मी स्नॅपशॉट घेतला. एक बटण दाबलं, झालं पण! मी म्हटलं, किती सोपंय, लोक उगाच बॅकअप-बॅकअप करत रडत्यात. सगळ्यांना सांगून आले, घेतला बॅकअप, आता बिनघोर राहा. आणि मग ती डिस्कच गेली की हो."

कँटीनभर "आई गंऽऽ" असा आवाज झाला. एका टकल्या काकांनी तर कपाळच धरलं.

"स्नॅपशॉट शोधला, तर तो बी त्याच डिस्कवर! कुपनं सगळी गायब. कुणी किती जेवलं, कुणाचे किती राहिले, काय पत्ता नाही. मग साहेब म्हणाले, आज सगळ्यांना फुकट. त्या दिवशी जी माणसं घरनं डबा आणत्यात ती बी रांगेत उभी होती. आणि रांगेतला प्रत्येक जण माझ्याकडं बघून म्हणत होता, थँक्यू हं शलाका."

लोक हसता हसता टेबलं बडवायला लागले. टाळ्या काय, शिट्ट्या काय! आई तर डोळे पुसत होती हसून. माझ्या घशात इडली अडकली. अरे, मूर्खपणा केला म्हणून टाळ्या? मी दोन वर्षं शहाणपणा करतेय, मला कुणी वाजवली का एक तरी?

मी हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ, कोपर कानाला लावून.

"बोल गं, तनू," फडतरेकाका म्हणाले.

मी उभी राहिले. "मला विचारायचंय की स्नॅपशॉट आणि बॅकअप यांच्यातला फरक हिला आता तरी कळलाय का?"

हशा एकदम ओसरला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं नाही. शलाकाकडे पाहत राहिले. आता बघू उंची.

शलाकाने कुंडी या हातातून त्या हातात घेतली. "खरं सांगू? अर्धाच कळलाय," ती म्हणाली. "तू सांग की."

"मी?"

"तुला येतंय ना?"

"अर्थात येतं!"

"मग ये की पुढं."

"या बोरावके मॅडम, या!" फडतरेकाकांनी खुर्ची बाजूला सरकवली. टाळ्या सुरू झाल्या. माझ्यासाठी! मी दप्तरासकट पुढे गेले.

आणि सांगितलं. काय सांगितलं म्हणता! स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क रीड-ओन्ली होते, पुढचे सगळे बदल डेल्टा फाइलमध्ये लिहिले जातात, डेल्टा पेरेंट डिस्कवर अवलंबून असते, म्हणून चेन तुटली की सगळं संपलं. एका दमात. पुढच्या रांगेतले काका लोक माना डोलवत होते. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "आठवीत आहे रे फक्त!" मी शलाकाकडे वळले, आता पड म्हणून.

"नाही कळलं," शलाका म्हणाली.

मागच्या रांगेत कॉलेजची नवीन मुलं-मुली बसली होती. तिथून एक आवाज आला, "आम्हालाही नाही."

"कुठपासून नाही कळलं?" मी विचारलं. माझा आवाज जरा वर गेला होता.

"मूळ डिस्क रीड-ओन्ली, तिथपासनं."

म्हणजे पहिल्या ओळीपासून. मी पुन्हा सांगितलं, तेच, पण सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं. मग आईच्या एका जुन्या लेखातलं उदाहरण दिलं, शब्दन् शब्द.

"नाही कळलं."

ती चेष्टा करत नव्हती. हेच तर वाईट होतं. ती कपाळाला आठ्या घालून, जीव लावून ऐकत होती आणि तिला खरंच कळत नव्हतं. माझे कान गरम झाले. मी आईकडे पाहिलं. तू तरी सांग! पण आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. ओठ मिटलेले, डोळे माझ्यावर. रविवारी सकाळी मी तिला अडवायचे तेव्हा मी कशी बसायचे, ते मला एकदम आठवलं. अशीच. पाय हलवत, शेंगदाणे चघळत, जराही मदत न करता.

रडू फुटायच्या बेतात होतं. रडायचं नाही म्हणून मी दप्तर काढून टेबलावर आपटलं आणि चेन उघडून उगाच आत हात घातला. हाताला नकाशांचं पुस्तक आणि ट्रेसिंग पेपर लागले. त्या दिवशी भूगोलाचा तास होता.

"ए, हे बघ," मी म्हटलं.

महाराष्ट्राचा नकाशा उघडला. त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला. "पुस्तक म्हणजे तुझं कुपनांचं मशीन. आता त्यावर काही काढायचं नाही. आता काढायचं ते या कागदावर. काढ नदी."

शलाकाने कुंडी खाली ठेवली, माझा निळा स्केचपेन घेतला आणि बार्शीतून एक नदी काढली. चांगली जाडजूड.

"बार्शीला कुठे आहे एवढी नदी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही ना! म्हणून तर काढली!"

"चुकली ना?" मी ट्रेसिंग पेपर उचलून चुरगळला आणि फेकला. "गेली. खाली नकाशा तसाच. हा स्नॅपशॉट. चुकलं की परत जायची सोय."

"हां," ती म्हणाली. "हे कळलं."

"थांब." मी दुसरा ट्रेसिंग पेपर ठेवला. "काढ पुन्हा." तिने पुन्हा तीच नदी काढली. हौसच फार. "आता डिस्क गेली," मी म्हटलं, आणि कागदाखालून पुस्तक सर्रकन ओढून घेतलं.

तिच्या हातात तो पातळ कागद राहिला. महाराष्ट्र नाही, बार्शी नाही, काही नाही. पांढऱ्या कागदावर एक निळी रेघ, कुठूनही न येणारी, कुठेही न जाणारी.

शलाका त्या रेघेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अर्रर्र. म्हणजे माझ्याकडं नुस्ती ही रेघ ऱ्हायली होती. आणि मी गावभर सांगत होते, नकाशा हाय म्हणून."

"आणि बॅकअप म्हणजे?" फडतरेकाकांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत शलाकाच म्हणाली, "अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स. आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवायची!"

मागची रांग उभी राहून ओरडली. खोटं नाही सांगत, उभी राहून. पुढच्या काकांपैकी एकाने तो निळ्या रेघेचा कागद मागून घेतला आणि फोटो काढला. माझे गाल दुखायला लागले हसून, आणि त्याच वेळी मला शलाकाचा अजूनही राग येत होता. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

परत येताना आकुर्डीच्या सिग्नलला आई स्कूटर थांबवून म्हणाली, "तो डोक्यावरून गेलेला लेख आठवतो?"

"ज्यांची उंची कमी होती त्यांचा?"

"त्यात मी एक अख्खा परिच्छेद काहीच्या काही लिहिला होता. नव्या माणसाला शष्प कळलं नसतं. तू मान डोलावलीस." आई आरशातून माझ्याकडे पाहत होती. "तुला कळलं होतं, तनू. दोन वर्षं ऐकून ऐकून तुला सगळं कळायला लागलं. मग मला अडवणार कोण?"

सिग्नल हिरवा झाला. मागचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागला.

"हे आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"कसं सांगू? तुला काढलं म्हणून? तू शिकलीस म्हणून?" आईही ओरडली. "आणि मला... चल, बस नीट. तुझी चाचणी आहे ना सोमवारी?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी आईचा लॅपटॉप घेऊन माझ्या खुर्चीत बसले. ट्रेसिंग पेपरचा लेख लिहायला. आईनेच सांगितलं होतं, तुझं तू लिही, ब्लॉगवर तुझ्या नावाने टाकू. मी लिहीत होते आणि आई टेबलाभोवती घुटमळत होती. शेंगदाण्याची वाटी आणून ठेवली. मग पाणी. मग काहीच कारण नसताना टेबलमॅट सरळ केला.

"बघू, काय लिहिलंस?"

"अजून नाही," मी लॅपटॉप अर्धा मिटला.

"अगं, दाखव तरी. मी काय परकी आहे?"

"आधी शलाकाताई वाचेल. येतेय ती आता."

आईचा हात टेबलमॅटवरच राहिला. "तिला काय कळणार आहे त्यातलं?"

"तेच तर!"

आईने फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागली, कडेकडेने, ओठ आत ओढून. तो चेहरा माझ्या चांगलाच ओळखीचा होता. महिनाभर रोज सकाळी दात घासताना मी तो आरशात बघत होते. "कपडे वाळले का बघते," असं म्हणून ती ड्राय बाल्कनीत गेली, आणि जाताना फोन बरोबर घेऊन गेली. कपडे त्या दिवशी धुतलेलेच नव्हते. थोड्या वेळाने सर्व्हर जोरात घुरघुरला, नवीन काही सुरू केलं की घुरघुरतो तसा.

बेल वाजली. शलाकाताई आली, आधी ती बसली, मग वेणी बसली. वाटी ओढून घेत तिने माझा लेख वाचला. सगळा. आठ्या घालून.

"नाही कळलं," ती म्हणाली.

"कुठपासून?"

"दुसऱ्या ओळीपासनं."

"वा!" मी म्हटलं आणि लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

मी दुसरी ओळ खोडून पुन्हा लिहीत होते, तोवर ती स्वतःचा लॅपटॉप काढून सरावाला बसली. बटणं दाबली, पुन्हा दाबली, मान वाकडी करून बघितलं.

"ताई! अहो ताई, माझी बार्शी उघडंना. बंद पडली काय?"

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. आवळा हिरवं, करवंद हिरवं, चिंच हिरवं. बार्शी करडं. आणि बार्शीच्या बरोबर वर, लखलखीत हिरवं, तनू.

आई स्वयंपाकघरात आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिने वळून पाहिलं नाही.

"मी बंद केली," ती म्हणाली. "रॅम पुरत नव्हती."